वेशीवरचा पहारा घरात कसा आला

फायरवॉल हा शब्द संगणकवाल्यांनी बांधकामातून उचलला. एका गाळ्याला लागलेली आग शेजारच्या गाळ्यात जाऊ नये म्हणून मध्ये बांधलेली जाड भिंत, हा त्याचा मूळ अर्थ. ही भिंत शत्रूला अडवण्यासाठी नव्हती. आग आतच कुठेतरी लागणार, हे ती बांधणाऱ्याने धरूनच चाललेलं होतं. शब्द नेटवर्कच्या जगात आला तेव्हा हे गृहीतक वाटेत गळून पडलं आणि फायरवॉल म्हणजे गावाची वेस, तट, दरवाजावरचा पहारेकरी असं चित्र रूढ झालं. आज नोडजेएसवर चालणाऱ्या वेब ॲप्लिकेशनमध्ये एक पॅकेज टाकून ॲपच्या आतच फायरवॉल बसवता येते आणि ती नवी कल्पना म्हणून विकली जाते. माझं म्हणणं असं की ती नवी नाही, उशिरा आलेली आहे. आलेला मजकूर घातक आहे की निरुपद्रवी, हे तो जिथे वापरला जातो तिथेच कळतं, ही गोष्ट जाणकारांना फार पूर्वी कळलेली होती. तरीही पहारा वर्षानुवर्षं वेशीवरच राहिला. त्याचं एक कारण जावास्क्रिप्टच्या घडणीत आहे, पण मोठं कारण कचेरीत आहे: कोडला हात कोण लावू शकतो आणि कोण नाही.

सुरुवातीलाच याचा पुरावा मिळाला होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने त्या वेळच्या छोट्याशा इंटरनेटवरची अंदाजे ६,००० यंत्रं आजारी पाडली. तो आत शिरला कुठून? फिंगर नावाच्या सेवेतल्या बफरच्या चुकीतून, सेंडमेलमध्ये चालू राहिलेल्या डीबग सोयीतून आणि सोप्या पासवर्डांतून. पहिल्या दोन्ही वाटा म्हणजे पाहुण्यांसाठी मुद्दाम उघडे ठेवलेले प्रोग्रॅम होते, आणि दोष त्या प्रोग्रॅमच्या पोटात होता. पण त्या प्रसंगातून जे शहाणपण आलं ते भिंतीचं आलं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९९२ मध्ये फायरवॉल विकायला काढली, १९९४ मध्ये चेक पॉइंटची फायरवॉल-१ आली आणि त्याच वर्षी बेल लॅब्जच्या चेसविक आणि बेलोविन यांचं या विषयावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. या लोकांना भिंतीची मर्यादा माहीत नव्हती असं मात्र नाही. अशी व्यवस्था बाहेरून कडक आणि आतून मऊ राहते, हे चेसविकनेच १९९० मध्ये नोंदवून ठेवलं होतं. भिंत निवडली ती हिशेबाने. कंपनीत हजार यंत्रं, प्रत्येकावर वेगळ्या लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम. ते सगळे दुरुस्त करण्यापेक्षा एक दरवाजा नीट राखणं स्वस्त. त्या काळापुरता तो हिशेब बरोबरच होता.

वेबने तो मोडला. दुकान उघडायचं तर ८० क्रमांकाचा पोर्ट उघडा ठेवावाच लागतो, आणि एकदा तो उघडला की गिऱ्हाईक आणि चोर एकाच दाराने, एकाच वेषात आत येतात. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल याने टोपणनावाने एक लेख लिहिला. वेबपानावरच्या साध्या चौकटीत भरलेला मजकूर डेटाबेसच्या क्वेरीत जाऊन तिचा अर्थच कसा बदलू शकतो, हे त्यात दाखवलेलं होतं. पुढे यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणू लागले. पॅकेटचा पत्ता आणि पोर्ट तपासणाऱ्या जुन्या फायरवॉलला यातलं काहीच दिसत नव्हतं. मग पहारा एक पाऊल आत आला. इव्हान रिस्टिच याने २००२ मध्ये मॉडसिक्युरिटी प्रसिद्ध केली. ती अपाची वेब सर्व्हरचं मोड्यूल म्हणून चाले आणि येणारी प्रत्येक रिक्वेस्ट उलगडून वाचे. वेशीवरचा शिपाई वाड्याच्या देवडीत येऊन बसला, एवढं नक्की. पण देवडीच्या आत काय चाललंय हे त्यालाही दिसत नव्हतं.

या वेब ॲप्लिकेशन फायरवॉलची पद्धत समजून घ्यायला हिरकणीची गोष्ट पुरेशी आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर ती कडा उतरून तान्ह्या लेकराकडे गेली आणि मग त्या जागी बुरूज बांधला गेला, असं सांगतात. फायरवॉलचे नियमही असेच वाढत गेले: कोणी जिथून चढून आलं तिथे एक बुरूज. हल्ल्यात अमुक शब्द दिसला, लिहा नियम. मोठ्या अक्षरांत लिहून कोणी तो चुकवला, लिहा दुसरा. पद्धत टाकाऊ नाही. कोड दुरुस्त व्हायला महिने लागत असतील तर तोवर नियमाने वाट बुजवणं शहाणपणाचंच आहे. पण बुरूज बांधायला आधी कोणालातरी कडा उतरावा लागतो. या पद्धतीला खरं बळ मिळालं ते तिच्या गुणांपेक्षा एका कलमामुळे. कार्ड कंपन्यांच्या पीसीआय डीएसएस या नियमावलीत ६.६ क्रमांकाचं कलम होतं आणि ते ३० जून २००८ पासून सक्तीचं झालं. त्यानुसार एकतर लोकांसमोर असलेल्या ॲप्लिकेशनची दोषांसाठी तपासणी करून घ्यायची, किंवा त्याच्यासमोर फायरवॉल उभी करायची. प्रश्नपत्रिकेत ‘अथवा’ आला की पोरं सोपा प्रश्न सोडवतात. तपासणी करायची तर कोड उघडावा लागणार, लिहिणाऱ्यांशी बसावं लागणार, कदाचित ते काम सोडून गेलेले असणार. आणि पेटी तर विकत आणून लावता येते. सुरक्षा विभागाच्या ताब्यात नेटवर्क होतं, कोड नव्हता. म्हणून त्यांनी ताब्यात असलेल्या जागी पहारा बसवला. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत वजनदार कारण हेच आहे, आणि त्यात तंत्रज्ञानाचा भाग फार थोडा आहे.

देवडीवरून का दिसत नाही, हे एका आडनावावरून दाखवता येतं. वसईपासून गोव्यापर्यंत भेटणारी डिसोझा, डिमेलो ही आडनावं रोमन लिपीत लिहिताना अनेक जण मध्ये अपॉस्ट्रॉफी देतात. एसक्यूएलमध्ये तीच खूण मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे सांगते, आणि इंजेक्शनचा हल्ला बहुधा तिथूनच सुरू होतो. आता देवडीवरच्या शिपायाने करायचं काय? खूण दिसताच हाकललं तर डिसोझांना खातं उघडता येणार नाही. सोडलं तर चोरही आत जाईल. शिपाई मंद आहे म्हणून ही अडचण येत नाही. उत्तर त्याच्या हातातल्या कागदावर नाहीच. तो मजकूर पुढे क्वेरीत जाणार, फाइलचं नाव होणार, की नुसताच पडद्यावर छापला जाणार, यावर उत्तर अवलंबून आहे. झेंडाँग सू आणि गॅरी वॅसरमन यांनी २००६ मध्ये एका शोधनिबंधात याची नेमकी व्याख्या केली. वापरणाऱ्याने दिलेला मजकूर क्वेरीच्या व्याकरणिक रचनेत एका मूल्याच्या जागी मुकाट बसला तर ठीक; त्याने रचनाच बदलली तर तो हल्ला. या व्याख्येने डिसोझा सुटतात आणि चोर सापडतो. मात्र ती लावायला मूळ मजकूर आणि तयार झालेली क्वेरी, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर हवेत, आणि ती दोन्ही एकत्र फक्त ॲप्लिकेशनच्या आत भेटतात. हा विचारही अगदीच अचानक उगवलेला नव्हता. बाहेरून आलेल्या मजकुरावर ‘विटाळलेला’ असा शिक्का मारून तो नाजूक जागी वापरू न देण्याची सोय पर्ल भाषेत १९८९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून होती. हा सोवळ्या-ओवळ्याचा हिशेब पर्लवाल्यांना वेबच्या आधी सुचला होता, याची आज फारशी कोणी आठवण काढत नाही.

म्हणजे २००६ पर्यंत कल्पना तयार होती. नोडजेएस आलं २००९ मध्ये. रायन डाल याने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बर्लिनच्या परिषदेत ते लोकांसमोर मांडलं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता, नेटस्केपने नव्वदच्या दशकातच तो केला होता. पण जगभर पसरलं ते नोड. मग त्यात हा पहारा लगेच का आला नाही? याचं उत्तर खानावळीत मिळतं. जुन्या पद्धतीच्या सर्व्हरवर प्रत्येक टेबलाला स्वतंत्र वाढपी असे, म्हणजे एका रिक्वेस्टला एक थ्रेड. या वाढप्याच्या हातातलं ताट कोणत्या टेबलाचं, हा प्रश्नच उद्भवत नसे. नोडमध्ये सगळ्या खानावळीला वाढपी एकच. तो एका टेबलाची ऑर्डर भटारखान्यात ओरडून सांगतो आणि ताट यायची वाट न पाहता पुढच्या टेबलाकडे जातो. याच युक्तीमुळे तो एकटा शेकडो लोकांना पुरा पडतो. पण डेटाबेसच्या दाराशी बसवलेल्या पहारेकऱ्याने विचारलं की ही क्वेरी कोणत्या पाहुण्याच्या रिक्वेस्टमधून आली, तर सांगणार कोण? कॉलबॅकच्या साखळीत तो धागा तुटलेला असे. हॉटेलात यावर टेबलाचा नंबर घातलेल्या चिठ्ठीचा उपाय असतो. नोडमध्ये ती चिठ्ठी यायला बराच काळ गेला. २०१७ मधल्या आठव्या आवृत्तीत असिंक हुक्स ही प्रायोगिक सोय आली आणि २०२० मध्ये असिंक लोकल स्टोरेज. त्याआधी लोकांनी आपापल्या पॅकेजांतून ठिगळं लावली होती, पण ती कधी कुठे उसवतील याचा भरवसा नसे. चिठ्ठी मिळाल्यावर पहारेकऱ्याला निदान पाहुणा आणि पदार्थ यांची जोडी लावता येऊ लागली.

शिवाय नोडच्या जगाने स्वतःचे खास रोगही आणले होते. नोडच्या एक्सप्रेस या फ्रेमवर्कवर लिहिलेल्या असंख्य ॲप्समध्ये रिक्वेस्टमधल्या चौकोनी कंसांच्या किंवा जेसनच्या मजकुरापासून आपोआप जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट तयार होतो, आणि मोंगोडीबी या डेटाबेसची क्वेरी हीसुद्धा एक ऑब्जेक्टच असते. म्हणून पासवर्डच्या जागी अक्षरं न पाठवता ‘रिकाम्याशी समान नाही’ अशा अर्थाची अट असलेला ऑब्जेक्ट पाठवला की बेसावध कोडमध्ये लॉगिन होऊन जातं. यात अपॉस्ट्रॉफी नाही, एसक्यूएलचा एकही शब्द नाही. देवडीवर बसलेल्याला हा एक सभ्य जेसनचा तुकडा दिसतो. एसक्यूएलसाठी घोटलेले जुने नियम या पाहुण्याला ओळखणार तरी कसे?

आतला पहारा बसतो तो जावास्क्रिप्टच्या मोकळेपणामुळे. या भाषेत कोणतंही फंक्शन चालू प्रोग्रॅममध्ये काढून त्या जागी दुसरं ठेवता येतं. शिस्तप्रिय लोक याला नाकं मुरडतात. फायरवॉलचं पॅकेज ॲपच्या मुख्य फाइलच्या पहिल्या ओळीत मागवायचं. ते मोड्यूल आणून देणाऱ्या यंत्रणेवरच स्वतःचं वेष्टन चढवतं. नंतर ॲप जेव्हा पोस्टग्रेस किंवा मोंगोडीबीचा ड्रायव्हर मागतं, फाइली वाचायचं किंवा दुसरा प्रोग्रॅम चालवायचं मोड्यूल मागतं, तेव्हा त्याच्या हाती वेष्टनासकटची प्रत पडते. पुढे रिक्वेस्ट आली की तिच्यातला मजकूर चिठ्ठीवर नोंदला जातो. क्वेरी डेटाबेसकडे निघाली की वेष्टन चिठ्ठी आणि क्वेरी ताडून पाहतं आणि मजकुराने रचना मोडली असेल तर क्वेरी पाठवण्याऐवजी चूक फेकतं. बाहेरच्या पत्त्यावर जाणाऱ्या रिक्वेस्टांचंही तसंच. पाहुण्याने दिलेलं डोमेन वरून निर्मळ दिसतं. ते आपल्याच अंतर्गत यंत्राच्या पत्त्याकडे वळतं का, हे डीएनएसचं उत्तर हाती आल्यावरच कळतं, आणि ते उत्तर ॲपच्या आत येतं. या प्रकाराला गार्टनर या संशोधन कंपनीने २०१२ च्या सुमारास रॅस्प हे नाव चिकटवलं. २०१५ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या स्क्रीन या कंपनीने अनेक भाषांबरोबर नोडसाठीही हे काम केलं आणि २०२१ मध्ये तिला डेटाडॉगने विकत घेतलं. २०२४ मध्ये बेल्जियमच्या आयकिडो या कंपनीने नोडसाठी अशी फायरवॉल मुक्त स्रोत म्हणून खुली केली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की बसवणारा बदलला. आता कोड लिहिणाराच तो सर्व्हरवर चढवतो, आणि पहारा ही एका ओळीची गोष्ट झाल्यावर तो नेटवर्क विभागाच्या परवानगीवाचून बसू लागला. कचेरीतली भिंत पडली तेव्हा फायरवॉल आत आली.

यावरचा पहिला आक्षेप जुन्या कसबी प्रोग्रॅमरांचा, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे: क्वेरी आणि मूल्यं वेगवेगळी पाठवा, प्रश्नच मिटला, घर नीट बांधलं असतं तर आत पहारेकरी कशाला? तत्त्वतः हे पूर्ण खरं आहे. पण तो उपाय ठाऊक असूनही ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत इंजेक्शन २०१०, २०१३ आणि २०१७ अशा तिन्ही वेळा पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि मे २०२३ मध्ये कंपन्यांनी भरवशाने वापरलेल्या मूव्हइट या फाइल-वाहतुकीच्या सॉफ्टवेअरमधून जगभरचा डेटा चोरीला गेला तो एसक्यूएल इंजेक्शननेच. शिवाय नोडच्या ॲपमध्ये स्वतः लिहिलेला कोड थोडा आणि एनपीएम या पॅकेजांच्या भांडारातून आलेला अफाट. दुसऱ्याच्या पॅकेजात क्वेरी कशी जोडली आहे हे प्रत्येक जण वाचत नाही, आणि वाचू शकतही नाही.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो: देवडीवरचा पहारा निदान घरापासून वेगळा असतो, तो कोसळला तरी घर उभं राहतं. इतिहास याला फारशी साथ देत नाही. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेच्या अमेरिका आणि कॅनडातल्या १० कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली ती चुकीच्या पद्धतीने लावलेल्या वेब ॲप्लिकेशन फायरवॉलमधूनच. बाहेरच्याच्या सांगण्यावरून ती अंतर्गत सेवेकडे विचारणा करत गेली आणि मिळालेल्या किल्ल्या त्याच्या हाती पडल्या. त्याच वर्षी २ जुलैला क्लाउडफ्लेअर या कंपनीने फायरवॉलमध्ये घातलेल्या एका नव्या नियमातल्या रेग्युलर एक्सप्रेशनने त्यांच्या जगभरच्या सर्व्हरांचे प्रोसेसर व्यापून टाकले आणि असंख्य संकेतस्थळं सुमारे २७ मिनिटं बंद पडली. यातून आतला पहारा आपोआप सुरक्षित ठरत नाही, उलट एक इशारा मिळतो. नोडच्या एकट्या वाढप्याला पहारेकऱ्याने बोलण्यात गुंतवलं तर सगळी खानावळ खोळंबते. म्हणून आतली तपासणी आखूड हवी: रिक्वेस्टच्या प्रत्येक अक्षराचा कीस काढण्यापेक्षा धोक्याच्या ठरावीक कृतींपाशीच थांबणारी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो आणि त्याला पुरतं उत्तर नाही. पहारेकरी आणि चोर एकाच खोलीत राहत असतील तर? ज्या मोकळेपणामुळे फायरवॉल वेष्टन चढवू शकते, त्याच मोकळेपणामुळे त्याच प्रोसेसमध्ये चालणारं दुसरं पॅकेज ते उतरवू शकतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये उघडकीला आलेल्या इव्हेंट-स्ट्रीम प्रकरणात एका लोकप्रिय पॅकेजाची जबाबदारी नव्या माणसाकडे गेली आणि त्याच्यामार्फत कोपे या बिटकॉइन वॉलेटवर रोखलेला चोरटा कोड आत आला. तो कोणत्याही रिक्वेस्टमधून आलेला नव्हता, त्यामुळे चिठ्ठीवर नोंदण्यासारखं काहीच नव्हतं. रायन डालने त्याच वर्षी बर्लिनलाच उभं राहून नोडबद्दलच्या आपल्या पश्चात्तापांची यादी वाचली. प्रोग्रॅमला फाइल आणि नेटवर्क सरसकट मोकळं ठेवलं, ही खंत तीत होती. नोडच्या विसाव्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, परवानग्यांची सोय प्रयोग म्हणून आली, तीसुद्धा मुद्दाम घातक लिहिलेल्या कोडपासून संरक्षणाची हमी देत नाही. तेव्हा आतली फायरवॉल नेमकी कशासाठी, हे नीट सांगितलं पाहिजे: प्रामाणिक माणसाने लिहिलेल्या चुकीच्या कोडसाठी. अप्रामाणिक कोडसाठी ती नाही.

तीन डिसेंबर २०२५ रोजी रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या सर्व्हर कॉम्पोनंट्समधला दोष जाहीर झाला. एका घडवलेल्या रिक्वेस्टने, लॉगिनशिवाय, सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. क्लाउडफ्लेअरने देवडीवर तो ओळखता यावा म्हणून रिक्वेस्टचा मजकूर वाचण्याच्या यंत्रणेत फेरफार केले, आणि ५ डिसेंबरला त्याच फेरफारांच्या ओघात त्यांच्या नेटवर्कचा मोठा भाग सुमारे २५ मिनिटं चुका देत राहिला. ज्यांच्याकडे आतला पहारा होता त्यांनाही निश्चिंत राहण्यासारखं नव्हतं. शेल उघडू पाहणारा हल्लेखोर त्या पहाऱ्याच्या हाती लागू शकतो, पण एकदा परका कोड प्रोसेसमध्ये चालू लागला की वेष्टन उतरवण्याची सोय त्यालाही असते. त्या आठवड्यात, हेच कॉम्पोनंट्स ज्यात येतात ते नेक्स्टजेएस वापरणाऱ्या लोकांना खरा उपयोग झाला तो पॅकेजची दुरुस्त आवृत्ती चढवण्याचाच. आतली फायरवॉल बसवणाऱ्यांनी मात्र एक बारीक गोष्ट पाहायची असते: मुख्य फाइलीत ती ओळ खरोखर पहिली आहे ना. डेटाबेसचा ड्रायव्हर तिच्या वर मागवला गेला असेल तर त्याच्यावर वेष्टन चढतच नाही, आणि तरीही ॲप कसलीही तक्रार न करता चालू राहतं.